मुंबईला जाऊ द्या, पण दार उघडं ठेवा

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवतो. स्नेहसंमेलनाचं नाटक, तकरीर, बैतबाजी ही कामंही बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडतात. त्यामुळे कुठल्या मुलाला अभिनयाचं वेड आहे ते मला लवकर कळतं आणि त्याचे पालकही मला लवकर गाठतात. मुलगा विचारतो, "सर, मुंबईला कधी जाऊ?" वडील म्हणतात, "सर, इसको समझाओ, दिमाग खराब हो गया है इसका." दोघांनाही माझ्याकडून एका वाक्याचं उत्तर हवं असतं. मुलाला ऐकायचं असतं 'लगेच जा' आणि वडिलांना 'कधीच नको'.

माझं उत्तर या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. हा मुलगा किंवा ही मुलगी मुंबईहून मान खाली न घालता घरी परत येऊ शकेल, अशी व्यवस्था ज्या दिवशी होईल, त्या दिवशी त्यांनी जावं. त्याआधी जाऊ नये आणि त्यानंतर उगाच थांबूही नये.

हे उलटं वाटेल. जायच्या आधीच परतीची भाषा कशाला, असं मुलं म्हणतात. पण आपल्या वस्त्यांमधून मुंबईला जाणारी मुलं कशी जातात ते जरा आठवून पाहा. बहुतेक वेळा भांडून जातात. अब्बूंनी कानाखाली मारलेली असते, अम्मी रडत असते, मोठा भाऊ म्हणालेला असतो की आता तोंड दाखवू नकोस. मोहल्ल्यात बातमी पसरते, "फलाण्याचा पोरगा हिरो बनायला गेला." त्या वाक्यातला टोमणा मुलगा सोबत घेऊन जातो. सहा महिन्यांत पैसे संपतात, काम मिळालेलं नसतं, पण परतायचं तर त्या टोमण्यासमोर उभं राहावं लागणार. म्हणून तो परतत नाही. एका खोलीत आठजण राहतो, उधारी करतो, घरी फोनवर खोटं सांगतो. 'रोल पक्का आहे, फक्त तेवढे पैसे भर' असं म्हणणारा माणूस त्याला नेमका याच वेळी भेटतो. परतीचं दार बंद असलेला मुलगा ठगाला दुरूनही ओळखू येतो.

म्हणजे मुलाला मुंबई जेवढी फसवते त्यातला बराच भाग आपण, घरच्यांनी आणि मोहल्ल्यानं, आधीच तयार करून ठेवलेला असतो.

ही गोष्ट नवी नाही. ज्यांचं नाव घेतलं की आपल्या घरांत आजही मान ताठ होते ते दिलीपकुमार म्हणजे पेशावरचे युसूफ खान. वडील फळांचे व्यापारी. कुटुंब मुंबईत आलं, शिक्षण काही काळ देवळालीला झालं. वडिलांशी खटका उडाल्यावर या तरुणानं पुण्यात लष्करी कँटीनमध्ये काम केलं. पुढे बॉम्बे टॉकीजच्या देविका राणींनी त्यांना घेतलं आणि १९४४ मध्ये 'ज्वार भाटा' आला. पडद्यावर वेगळं नाव घेण्यामागे वडिलांच्या माराची भीती हेही एक कारण होतं, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. सिनेमात काम करणं वडिलांना अजिबात पसंत नव्हतं. ऐंशी वर्षं उलटली. आपण दिलीपसाहेबांचे संवाद तोंडपाठ म्हणतो, त्यांच्या तलफ्फुजचे दाखले देतो, आणि आपल्या घरातला मुलगा नाटकाच्या तालमीला गेला तर त्याला मात्र लपून जावं लागतं.

मुलांकडेही एक ठरलेलं उदाहरण असतं, नवाजुद्दीन सिद्दीकी. "सर, तो पण छोट्या गावातलाच होता ना?" होता. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढाण्याचा. पण पुढचं कुणी सांगत नाही. त्यानं आधी विज्ञानाची पदवी घेतली, वडोदऱ्यात केमिस्ट म्हणून नोकरी केली, नाटकाची गोडी लागल्यावर दिल्ली गाठली, राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९९६ मध्ये शिक्षण पूर्ण केलं आणि मग मुंबई. १९९९ च्या 'सरफरोश'मध्ये तो अगदी थोडा वेळ दिसतो. 'गँग्ज ऑफ वासेपूर' आला २०१२ मध्ये. पदवी, प्रशिक्षण आणि दिल्लीच्या रंगमंचाचा सराव हाताशी असूनही मधे इतकी वर्षं गेली. इरफान खानचंही तेच. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विद्यार्थी, १९८८ च्या 'सलाम बॉम्बे'त छोटीशी भूमिका, मग वर्षानुवर्षं टीव्ही मालिका, आणि 'हासिल', 'मकबूल' यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. 'बॅग उचल आणि निघ' हा धडा ज्यांना या दोघांच्या आयुष्यातून मिळतो, त्यांनी ते आयुष्य अर्धंच वाचलेलं असतं.

आम्ही बी.एड. करताना सूक्ष्म अध्यापन नावाचा प्रकार असतो. पाच-सात मिनिटांचा पाठ, समोर आपलेच सहकारी, आणि एका वेळी एकच कौशल्य तपासायचं. प्रश्न कसा विचारावा, फळा कसा वापरावा, उदाहरण कसं द्यावं. अशा कितीतरी पाठांनंतर खऱ्या वर्गात उभं करतात. तरीही पहिल्या दिवशी पाय लटपटतातच. अभिनयाला असं काही लागत नाही, आरशासमोर संवाद म्हटले की झालं, हा समज कुठून आला देव जाणे. मुंबईत ऑडिशनला कॅमेऱ्यासमोर मिळतात दोन-तीन मिनिटं. ती जागा शिकण्याची नसते, शिकलेलं दाखवण्याची असते.

मग शिकायचं कुठे? महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलाला हा प्रश्न पडायला नको. राज्य शासनाची नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिच्या प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या शहरांत होतात. मराठीबरोबर हिंदी नाटकांचीही स्पर्धा असते, बालनाट्याचीही असते. पुण्यात महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक आहे. विद्यापीठात नाटक शिकायचं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला अर्ज करायचा तर पदवी आणि नाटकांचा अनुभव दोन्ही लागतं. निवड झाली तर तीन वर्षं शिक्षण मिळतं आणि शिष्यवृत्तीही. 'आधी ग्रॅज्युएट हो' हे अब्बूंचं म्हणणं या एका कारणासाठी तरी मुलांनी मनावर घ्यावं. पदवी हा अभिनयाचा शत्रू नाही, काही दारांची ती किल्लीच आहे.

या मराठी रंगमंचावर आपली मुलं फार कमी दिसतात, याचं मला वाईट वाटतं. उर्दू शाळेतला मुलगा घरी दखनी बोलतो, वर्गात उर्दू वाचतो, बाजारात मराठी बोलतो आणि हिंदी सिनेमा पाहतो. नटाला याहून मोठी शिदोरी कुठली? पण मराठी आपली नाही असं मनात धरून तो स्थानिक नाट्यसंस्थेच्या दारातच जात नाही. काही ठिकाणी त्याच्या उच्चारांवर कुणी हसतं, हेही खरं आहे. तरी त्यानं आत जावं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल याच मराठीत शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांनी आपल्या आवाजानं गाजवल्या. ही भाषा त्यांनी कुणाकडून उसनी घेतली नव्हती.

गावातला रंगमंच आपल्याला आता नवं काही शिकवत नाही, आपल्याहून चांगले नट आणि कडक दिग्दर्शक आसपास उरले नाहीत, असं खरोखर वाटू लागलं, की मोठ्या शहराची वेळ जवळ आली. आणि हे आपणच आपल्याला वाटून चालत नाही. ज्यांनी आपलं काम पाहिलं आहे अशा दोन-तीन जाणत्या माणसांना तसं वाटलं पाहिजे. सदाशिव अमरापूरकर नगरच्या रंगभूमीवर घडले आणि मग १९८३ च्या 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी देशानं पाहिला. नगर लहान होतं म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

एक बदल मुलांना माहीत असतो, पालकांना नसतो. आता कितीतरी ऑडिशनची पहिली फेरी 'सेल्फ टेप'वर होते. फोनवर स्वतःचं चित्रीकरण करायचं आणि पाठवून द्यायचं. म्हणजे पहिली चाळणी परभणीत किंवा रत्नागिरीत बसूनही पार करता येते. नुसतं 'तिथे असायला हवं' म्हणून आरामनगरच्या गल्ल्यांत फेऱ्या मारण्याची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. अर्थात पुढच्या फेरीला 'उद्या सकाळी या' असा निरोप येतो, तेव्हा अंतर आडवं येतं. नाशिककर पंचवटी एक्स्प्रेसनं जाऊन रात्री घरी येऊ शकतो, पुणेकरही. नांदेड-लातूरच्या मुलाला रात्रभराचा प्रवास आहे. म्हणून दोघांनी एकाच वेळी घर सोडायला हवं असं नाही. नाशिक-पुण्याच्या मुलानं वर्षभर ये-जा करून पाहावी. लांबच्या मुलानं आधी पुण्यात शिकायला जावं आणि तिथून मुंबईचा अंदाज घ्यावा.

आता पैशाचं बोलू, कारण भांडणं सगळी तिथेच होतात. मुंबईत घर अकरा महिन्यांच्या करारावर मिळतं. अनामत, आगाऊ भाडं आणि दलाली एकदमच द्यावी लागते. टीव्हीच्या कामाचे पैसे साधारणपणे नव्वद दिवसांनी येतात. म्हणजे नशीब जोरावर असलं आणि जूनमध्ये पोचताच काम मिळालं, तरी पहिला पैसा हातात पडायला सप्टेंबर संपतो. तोवर जेवायचं काय? एका वर्षाचा खर्च साठवलेला असावा, नाहीतर अशी रोजी हातात असावी जी मुंबईतही चालेल आणि ऑडिशनच्या दिवशी सुट्टी देईल. शिकवण्या, भाषांतर, डबिंग, एसीची दुरुस्ती, मेंदी, काहीही चालेल. निळू फुले पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. सयाजी शिंदे बँकेत नोकरी करत नाटक करत राहिले. पोटापाण्याचं काम करणारा नट कमी दर्जाचा ठरत नाही. उलट त्याला कुणाच्याही अटी मुकाट मान्य कराव्या लागत नाहीत. आणि हा पैसा बहिणीच्या फीचा किंवा अब्बूंच्या औषधाचा असता कामा नये. तसा असेल तर अजून वेळ झालेली नाही.

इथेच एक नियम पाठ करून ठेवावा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. नोंदणी फी, अमुकच फोटोग्राफरकडचा पोर्टफोलिओ, कलाकाराचं कार्ड, 'वरच्या साहेबांना' द्यायचे पैसे, यातलं काहीही कुणी मागितलं की उठून यायचं.

मुसलमान मुलाचा हिशेब आणखी थोडा वेगळा आहे, आणि तो स्पष्ट बोलायला हवा. मुंबईत नाव सांगितल्यावर 'घर दिलं गेलं' असं ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. मग मुलं जोगेश्वरी, मीरा रोड, कुर्ला, मुंब्रा अशा ठिकाणी वळतात. मीरा रोडहून अंधेरीला थेट लोकल आहे. मुंब्र्याहून आधी घाटकोपरला यायचं आणि तिथून २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोव्याची मेट्रो पकडायची. रोजचे हे तास आणि हे भाडे जाण्याआधीच हिशेबात धरावं. पोचल्यावर कळलं की मन खचतं.

दुसरी गोष्ट भूमिकांची. दाढी असलेल्या मुलाला पहिली विचारणा अतिरेक्याच्या, गुंडाच्या किंवा खाटकाच्या भूमिकेसाठी होण्याची शक्यता आहे. ती घ्यावी की नाही हे मी सांगणार नाही. वाईट माणसाची भूमिका करणं हेही नटाचं कामच आहे. पण प्रत्येक वेळी वाईट माणूस आपल्यासारख्याच नावाचा असेल तर काय करायचं, याचं उत्तर पोट भरलेलं असताना शोधून ठेवावं. उपाशीपोटी घेतलेला निर्णय आपला नसतो.

मुलींबद्दल लिहिलं नाही तर हा लेख अर्धाच राहील. वर्गात सगळ्यात चांगला अभिनय बहुतेक वेळा मुलीच करतात, आणि दहावीनंतर त्यांचं नाटक थांबतं. त्यांना 'कधी जाऊ' असं विचारण्याचीसुद्धा मुभा नसते. ज्या घरांना काळजी वाटते त्यांची काळजी खोटी नाही. पण काळजीचा उपाय बंदी हा नाही. पहिल्या काही ऑडिशनला सोबत जा. राहण्याची जागा स्वतः बघून या. रात्रीची, हॉटेलातली भेट कितीही मोठ्या नावानं बोलावली तरी नाही, हे दोघांनी मिळून ठरवा. आणि काही वाईट घडलं तर ती सगळ्यात आधी तुम्हालाच फोन करेल, एवढा विश्वास तिला द्या. "तरी सांगत होतो" हे वाक्य ज्या घरात तयार ठेवलेलं असतं, त्या घराला मुलगी काहीच सांगत नाही.

अभिनय जायज की नाजायज, या वादात मी इथे शिरत नाही. ज्या घराला तो प्रश्न आहे, त्यांनी तो मोकळेपणानं, मुलाला समोर बसवून, जाणत्या आलिमाशी बोलावा. मात्र त्या नावाखाली दडलेली 'लोक काय म्हणतील' ही भीती वेगळी काढून ठेवावी. दोन्ही एक नाहीत.

वयाचाही बाऊ केला जातो. "आत्ता नाही गेलो तर कधीच नाही," असं अठरा वर्षांचा मुलगा म्हणतो तेव्हा मला डॉ. श्रीराम लागू आठवतात. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत त्यांनी व्यवसाय केला, नाटक सोबत चालू ठेवलं आणि १९६९ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' आलं. प्रत्येकजण डॉ. लागू होत नाही, हे खरं. पण विशीतली दोन-चार वर्षं शिकण्यात घालवली म्हणून गाडी चुकत नाही.

आणि काहींनी तर गेलंच पाहिजे असंही नाही. मालेगावच्या नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी यंत्रमागांच्या त्या शहरात, अगदी तुटपुंज्या साधनांत, 'मालेगाव के शोले' केला. 'मालेगाव का सुपरमॅन' होताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉयज ऑफ मालेगाव' सगळीकडे लागला. या गोष्टीचं गोड चित्र रंगवू नये. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमाग कामगार होता आणि कॅन्सरनं फार लवकर गेला. या सिनेमांनी कुणाचं घर चाललं नाही. पण आपल्या बोलीत, आपल्या गल्लीत, आपल्याच लोकांना हसवणारी कला त्यांनी उभी केली. मुंबईला न जाणं म्हणजे हरणं, हे गणित त्यांनी खोटं ठरवलं.

आता पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी तयारीनं जायला निघाली असेल, तर दोघांनी बसून तीन गोष्टी ठरवा. किती काळ, किती पैसे, आणि त्यानंतर पुन्हा कधी बोलायचं. समजा दोन वर्षं. दोन वर्षांनी घरी बसून हिशेब मांडायचा. काम किती मिळालं हे पाहायचं, आणि काम सुधारलं का हेही पाहायचं. पुढे जायचं तर पुढची मुदत ठरवायची. थांबायचं तर थांबायचं. परत आलेल्या मुलाला शाळेत नाटक शिकवता येतं, आवाजाचं काम करता येतं, बी.एड.ही करता येतं. उत्तम उच्चार असलेला आणि चाळीस मुलांना गप्प बसवू शकणारा मास्तर कुठल्याही शाळेला हवाच असतो.

आणि मोहल्ल्याला सांगायचं ते एवढंच. परत आलेल्या मुलाला चहाच्या टपरीवर "क्या हिरो, कब आए?" असं विचारू नका. दुबईहून, पोलीस भरतीहून, नीटच्या क्लासहून रिकाम्या हातानं परतलेल्या मुलाला आपण "कोई बात नहीं बेटा" म्हणतोच ना? तेवढंच यालाही म्हणा. बाकीची मेहनत तो करेल.